न आलेल्या ओळी

"मॅडम, आमच्या गावातल्या सगळ्या गायींच्या कानात एकच नंबर कसा काय हो?" अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे आमच्या दूध संघाला दूध घालणाऱ्या एका गावच्या संस्थेचे सचिव. वय झालंय, पण संस्था सोडवत नाही. मी म्हटलं, वाचून दाखवा बघू. "थांबा, चष्मा घेतो," म्हणाले. मग एकेक अक्षर आलं: "एक, टिंब, शून्य, दोन, चार, पाच, सात. मग इंग्रजी ई. मग बेरजेचं चिन्ह. मग अकरा. खालच्या ओळीत हेच, त्याच्या खाली पण हेच. आता ह्यात माझी गाय कुठली ते तुम्हीच सांगा." मागे कॅन आपटत होते, कुणीतरी "फॅट किती लागली" म्हणून ओरडत होतं. संध्याकाळचं संकलन चालू होतं आणि अण्णांना त्यातूनही थट्टा सुचत होती. फोन ठेवल्यावर मी हसले. नंतर मात्र बराच वेळ ते 'ह्यात माझी गाय कुठली' डोक्यातून जाईना.

२०२४ च्या सुरुवातीला गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान सुरू झालं, तेव्हाची ही गोष्ट. पैसे थेट उत्पादकाच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात जाणार, आणि त्यासाठी गायीच्या कानात पिवळा बिल्ला हवा, त्यावरच्या बारा आकडी नंबरची ऑनलाइन नोंद हवी. आमच्याकडे म्हणजे ईडीपीत, संघाच्या कॉम्प्युटर विभागात, तोवर उत्पादकाचं नाव, कोड आणि दूध एवढंच नीट होतं. आता आधार, बँक खातं, बिल्ला असं सगळं एकमेकांना जोडून, एक्सेलमध्ये काढून, गावोगावच्या संस्थांना पाठवायचं, त्यांनी तपासून दुरुस्त करून परत पाठवायचं असं ठरलं. त्या दिवसांत कार्यालयात शेतकऱ्यांची रांग, झेरॉक्सचे गठ्ठे, ओल्या पासबुकांचा वास आणि टेबलाटेबलावरून एकच वाक्य: "मॅडम, जरा डेटा काढून द्या की."

अण्णांच्या यादीचं काय झालं होतं ते पाच मिनिटांत कळलं. आमच्या डेटाबेसमध्ये बिल्ल्याचा नंबर अक्षरं म्हणून ठेवलेला आहे, कारण तो नंबर असला तरी संख्या नाही. दोन बिल्ल्यांची बेरीज कुणी करत नाही. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला लिहून विचारलेला प्रश्न, चालवून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या अक्षरांची, फाईल निघाली तोपर्यंत बाराच्या बारा आकडे जागेवर होते. वाटेत कुणीतरी ती डबल-क्लिक करून उघडली. एक्सेलला बारा आकडे एकत्र दिसले की तो त्यांना संख्या समजतो, आणि साध्या खान्यात अकरापेक्षा जास्त आकडे आले की 'ई' लावून आखडून दाखवतो. इथपर्यंतही काही बिघडलेलं नसतं. आत खरा आकडा शाबूत असतो. पण त्याच माणसाने, बहुधा एखादं नाव दुरुस्त करून, 'सेव्ह' केलं. सीएसव्हीत सेव्ह होतं ते डोळ्यांना दिसणारं. म्हणजे पुढचे सहा आकडे राहिले, मागचे सहा गेले. आणि एका गावात बिल्ले सहसा एकाच पेटीतले असल्यामुळे पुढचे सहा सगळ्यांचे सारखेच. खान्याचं फॉरमॅट बदलून 'नंबर' केलं तर मागे सहा शून्यं. सगळ्या गावच्या गायी मिळून एक गाय झाली होती.

गेलेल्या आकड्यांची जागा रिकामीसुद्धा राहिली नव्हती. तिथे शून्यं येऊन बसली होती.

माझे वडील गावच्या दूध संस्थेत टेस्टर होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. मशीनवर किटली ठेवली की आकडा उमटतो, तसं तेव्हा नव्हतं. काचेच्या नळीत दहा मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाइल अल्कोहोल, मग बूच लावून हलवायचं. नळी हाताला चटका बसेल इतकी तापायची आणि आतलं दूध काळपट तपकिरी व्हायचं. मग ती यंत्रात गरगर फिरवली की फॅट वर गोळा व्हायची आणि नळीवरच्या रेघांवर तात्या ती वाचायचे. त्यांच्या शर्टांना बारीक भोकं असायची, आणि अल्कोहोलचा तो घशात बसणारा गोडसर वास शर्टाला कायमचा. किटल्यांवर रंगाने नंबर रंगवलेले. गावात माणसांना नावं होती, पण संस्थेच्या ओट्यावर "बावन्न आला का रे?" असंच चालायचं.

तात्यांकडे दोन वह्या असायच्या. एक रोजची: तारीख, सकाळ की संध्याकाळ, आणि खाली जो जसा आला तसा त्याचा नंबर, लिटर, फॅट. दुसरीत प्रत्येक उत्पादकाला एक पान. दहा दिवस झाले की रोजच्या वहीतून एकेकाचं दूध त्याच्या पानावर चढवायचं. ही खतावणी आमच्या घरी रात्री जेवणं झाल्यावर चालायची. सचिवांचं ते काम, पण सचिवांचं अक्षर कुणाला लागायचं नाही. मी वाचायची, तात्या लिहायचे. "बावन्न, साडेतीन लिटर, तीन आठ. एकशे सात, दोन लिटर, चार दोन." झोप यायची, आवाज बारीक व्हायचा, मग तात्या पेन्सिलीने वहीवर टकटक करायचे. शेवटी उभी-आडवी बेरीज. सगळ्या पानांची मिळून जी येईल ती रोजच्या वहीच्या बेरजेला जुळली पाहिजे. अर्ध्या लिटरचा फरक आला तरी तात्या उठायचे नाहीत. पैशाने तो फरक किरकोळ असायचा. पण कुणाची तरी एक ओळ चढवायची राहिलीये, आणि ज्याची राहिलीये त्याला ते कधीच कळणार नाही, हे त्यांना सहन व्हायचं नाही. ओळ सापडायचीच. बहुतेक वेळा पान उलटताना तळाशी राहिलेली असायची.

आता मी डेटाबेसला 'ग्रुप बाय' अशी आज्ञा लिहिते आणि तीच खतावणी डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. पुढ्यात माझ्या दोन जगं असतात, डेटाबेस आणि एक्सेलसारखी शीट, आणि दोघांचे जन्म वेगळे. १९७० साली आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने एक लेख लिहिला: माहिती कुठे आणि कशी साठवली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असायची गरज नाही, सगळं सरळ तक्त्यांत ठेवा, आणि तक्ते एकमेकांना त्यांतल्या मूल्यांवरूनच जोडा. महायुद्धात विमान चालवलेला माणूस. शिस्त त्या कल्पनेतच आहे. नियमात न बसणारं काही आत येऊच द्यायचं नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिजीकॅल्क' आणलं. ते हिशेब करून थकलेल्या माणसाचं स्वप्न होतं: एक आकडा खोडला की पुढची सगळी बेरीज आपोआप बदलावी. तिथे नियम नाहीत. कुठल्याही खान्यात काहीही लिहा, 'नंतर बघू' असंसुद्धा. ह्या दोघांमधली वाट रोज तुडवणारी माझ्यासारखी माणसं देशभर प्रत्येक कार्यालयात बसलेली आहेत. आमच्या कामाला धड नाव नाही. कुणी ऑपरेटर म्हणतं, कुणी 'ते कॉम्प्युटरवाले'.

वाट वरून सोपी दिसते. दहा दिवसांचं बिल घ्या. आमच्याकडे तारीख दिवस-महिना-वर्ष अशी निघते. ज्याच्या कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकेचं राहिलंय, तिथे ती महिना-दिवस-वर्ष अशी वाचली जाते. जानेवारीतल्या अकरा ते वीसच्या बिलात मग काय होतं? अकरा जानेवारीचा होतो एक नोव्हेंबर, बारा जानेवारीचा एक डिसेंबर. तेरावा महिना नसतोच, त्यामुळे तेरापासून पुढच्या आठ तारखा तारखा म्हणून ओळखल्याच जात नाहीत. नुसती अक्षरं होऊन खान्याच्या डावीकडे सरकतात. संख्या आणि तारखा उजवीकडे, अक्षरं डावीकडे. सरावलेली नजर शीट उघडली की आधी आकडे वाचत नाही, कोण कुठल्या भिंतीला टेकून उभं आहे ते बघते. दोन उजवीकडे आणि आठ डावीकडे दिसले की ओळखावं. नाहीतर कुणीतरी महिन्यानुसार फिल्टर लावतं, जानेवारीत काहीच सापडत नाही आणि फोन येतो, "मॅडम, आमचं अकरा ते वीसचं दूध तुमच्याकडे पोचलंच नाही का?"

बँक खात्याच्या सुरुवातीची शून्यं गळतात ते वेगळंच. पंधराहून लांब नंबर असेल तर सोळाव्यापासून पुढचे आकडे शून्य होतात, आणि ते मात्र खान्याचं फॉरमॅट काहीही केलं तरी परत येत नाहीत. रिकाम्याचीही गंमत आहे. टेस्टिंग मशीन बंद होतं म्हणून एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, घेतलाच नाही, तर डेटाबेसमध्ये तिथे 'नल' असतो, म्हणजे ठाऊक नाही. शीटमध्ये तो रिकामा खाना झाला तर सरासरी त्याला सोडून पुढे जाते. पण मधल्या कुणी रिकामं बरं दिसत नाही म्हणून तिथे शून्य भरलं, की गाय बिचारी एका दिवसात पाणी देणारी ठरते.

ह्या सगळ्या गफलती निदान डोळ्यांना दिसतात. अण्णांना दिसली तशी. मला भीती वाटते ती जॉइनची, म्हणजे तक्त्याला तक्ता जोडण्याची.

अनुदानाच्या यादीसाठी उत्पादकांचा तक्ता बँक खात्यांच्या तक्त्याला जोडायचा, तो बिल्ल्यांच्या तक्त्याला, तो दुधाच्या तक्त्याला. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने पहिल्यांदा हे जोडलं तेव्हा ज्याच्या चार गायी त्याचं दूध चौपट झालं, कारण दुधाची प्रत्येक ओळ चार बिल्ल्यांना एकेकदा चिकटली. ते लगेच सापडलं. वाढलेलं दूध लपत नाही, शिवाय एका पठ्ठ्याने "बरोबर आहे की यादी" असा निरोपही पाठवला होता. कमी झालेलं मात्र लपतं. साधी जॉइन दोन्ही बाजूंना जुळणारे तेवढेच आणते. ज्याचं खातं नाही, ज्याच्या गायीला बिल्ला नाही, ज्याच्या कोडमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे आहे, त्याची ओळ येत नाही. तिथे लाल रंग नाही, उद्गारचिन्ह नाही. जी यादी येते ती वरून खालपर्यंत भरलेली, अनुक्रमांक एकापासून शेवटपर्यंत सलग, एकही खाना रिकामा नाही. प्रिंट काढून सही करावी इतकी सुंदर. आणि जो त्यात नाही, त्याला आपण नाही हे कळायला यादी स्वतः बघावी लागते.

अशा न आलेल्या ओळी मी उलटी क्वेरी लावून काढल्या तेव्हा त्यात एक नाव होतं, ज्याचं दूध रोज सकाळी साडेसात लिटर जमा होत होतं. खातं जुळत नव्हतं. चौकशी केली तर तो माणूस वारून काही वर्षं झालेली. दूध घालायला त्याची बायको यायची. कोड नवऱ्याच्या नावाचा, दहा दिवसांचं बिल संस्थेतून रोख, त्यामुळे आजवर कुणाचंच काही अडलं नव्हतं. दिवाळीला मिळणारा दरफरकसुद्धा त्याच्याच नावाने निघायचा, ती सही करून घेऊन जायची. आता पैसे थेट खात्यात म्हटल्यावर नाव एकाचं, आधार दुसरीचं, आणि मध्ये आमची जॉइन. असं ते एकटंच घर नव्हतं. पहाटे उठून शेण काढणाऱ्या, धार काढणाऱ्या, डोक्यावर किटली घेऊन चिखलातून येणाऱ्या बायका आमच्या डेटाबेसमध्ये शोधायला गेलं तर फारशा सापडत नाहीत. तिथे त्यांचे नवरे, सासरे आणि क्वचित मेलेले सासरे दूध घालतात. हा दोष एक्सेलचा नाही, क्वेरी लिहायच्या भाषेचा, एसक्यूएलचाही नाही. उलट जुळवाजुळव करायला गेलो म्हणून तर हे वर आलं.

मोठ्या ठिकाणीही ओळी अशाच गळतात. २०२० च्या सप्टेंबरच्या शेवटी इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण आठवडाभर सरकारी आकड्यांत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्यांना कळवायलाही उशीर झाला. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या फाईली जुन्या पद्धतीच्या एक्सेल शीटमध्ये ओतल्या जात होत्या, आणि त्या शीटला ६५,५३६ ओळींची मर्यादा. त्यापुढचं नुसतं गळून पडत होतं. तात्यांच्या वहीतली पानाच्या तळाची ओळच ती. नव्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. ऐकायला खूप वाटतं, पण वीस हजार उत्पादक दिवसातून दोनदा दूध घालत असतील तर सव्वीस दिवसांत ती भरते. शास्त्रज्ञ मंडळींनी तर हातच टेकले. सेप्टिन घराण्यातल्या जनुकांची 'सेप्ट-१' छापाची लघुनावं शीटमध्ये एक सप्टेंबर होऊन बसायची; शेवटी २०२० साली जनुकांची नावंच बदलली. मला ते वाचून हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं. आमच्या अण्णांच्या गायी एकट्या नव्हत्या.

इतकं बोलून झाल्यावर मी एक्सेलच्या विरोधात आहे असं वाटेल. तशी मी होतेही. "रिपोर्ट दिलाय ना, मग शीट कशाला हवी?" असं मी तोंडावर म्हणायची. मग संकलनाच्या एका सुपरवायझरने एका केंद्राचा सहा महिन्यांचा एसएनएफ मागून नेला. क्वेरीतलं त्याला ओ की ठो कळत नाही. त्याने एवढंच केलं की ८.५ आलेला प्रत्येक खाना पिवळा केला. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो, त्याखाली गेलं की कपात. आणि त्या केंद्राचा अख्खा रकाना वरपासून खालपर्यंत हळदीने माखल्यासारखा पिवळा झाला. दूध असं कधी येत नाही. पावसाळ्यात वेगळं, वैरण बदलली की वेगळं, सकाळ-संध्याकाळही वेगळं. आकडे मशीनमधून येत नव्हते, कुणीतरी हाताने टाकत होतं. आमचे छापील रिपोर्ट ते सगळे महिने बेरीज बरोबर दाखवत होते, आणि ती बरोबर होतीही. डेटाबेस चुकीचा आकडा आत येऊ देत नाही. खोटा आकडा नीटनेटका असेल तर त्याला तो दार उघडून देतो. पकडायला ज्याने दुधात हात घातलेत असा माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या हाताला लागेल अशी वस्तू शीटच आहे. तिथे तो रंग देतो, सरकवतो, बाजूला 'हे बघणे' लिहितो. तेव्हापासून कुणी शीट मागितली की मी कशाला ते विचारत नाही.

आता वरच्या साहेबांच्या कॉम्प्युटरला आम्ही थेट जोडणी दिली आहे. रिफ्रेश दाबलं की डेटाबेसमधून ताजं येतं, मधे सीएसव्हीची फाईल हिंडत नाही, त्यामुळे बिल्ल्यांचे आकडे शाबूत राहतात. ती जोडणी सुरू करायला एक अख्खा दिवस गेला, कारण एक्सेल ज्यात येतं ते ऑफिस बत्तीस बिटचं आणि डेटाबेसशी जोडून देणारा ड्रायव्हर चौसष्टचा, आणि दोघं एकमेकांशी बोलेनात. त्यांना फक्त वाचायची परवानगी आहे, तीही रात्री काढलेल्या प्रतीवर, नाहीतर सकाळच्या संकलनाच्या वेळी कुणीतरी पाच वर्षांचं दूध मागायचं आणि ओट्यावर रांग लागायची.

पण ताजं म्हणजे पुरतं नव्हे. म्हणून मी प्रत्येक फाईलमध्ये आणखी एक शीट घालायला लागले: 'न आलेले'. दूध घातलंय पण यादीत नाही, अशा सगळ्यांची नावं आणि शेजारी कारण: खातं नाही, बिल्ला नाही, नाव जुळत नाही. वर तीन आकडे, एकूण उत्पादक, यादीत आलेले, न आलेले, आणि मागच्या दोहोंची बेरीज पहिल्याला जुळते की नाही त्याचा एक खाना. तात्यांची बेरीजच ती. सचिवांपैकी अण्णा ती शीट सर्वांत आधी उघडतात. त्या साडेसात लिटरवालीचा कोड तिच्या स्वतःच्या नावावर करायला त्यांनी वारसाच्या कागदांसाठी तालुक्याला खेपा घातल्या, आणि काम झाल्यावर मला फोन करून "बघा बरं, आमची एक ओळ कमी झाली का?" म्हणून खात्रीही करून घेतली.

साहेबांना मात्र ती शीट पसंत नव्हती. "मीटिंगच्या फाईलला हे नको. संचालक मंडळी उगाच प्रश्न विचारत बसतात." मी बरं म्हटलं. शीट काढली नाही; तिचं नाव बदलून 'उत्पादक यादी, भाग २' केलं आणि ती भाग १ च्या आधी नेऊन ठेवली. प्रिंट काढणारा मुलगा सगळं ओळीने छापतो. पुढच्या मीटिंगला प्रश्न आलेच.